वाफेच्या लाइनीचे पाइप

बाबा, तुमचे ते चार पाइप मी शेवटी काढले. हिंगणघाटची जुनी जिनिंग मिल मोडली तेव्हा वाफेच्या लाइनीतून तुम्ही उचलून आणलेले, आपल्या जाम गावच्या वेल्डिंगच्या दुकानात मागच्या भिंतीला लावून ठेवलेले. "याले हात लावू नोको, चांगल्या कामाले ठेवले हायेत," म्हणाला होतात. तुम्ही गेल्यावर वीस-बावीस वर्षं मी गेटं केली, ट्रॉल्या केल्या, शेड उभे केले, पण तेवढं चांगलं काम काही आलंच नाही. आता आलं. तुमची नात रेसची गाडी बांधते आहे. हसू नका. सरळ रस्त्यावर पाव मैल, शेजारी दुसरी एक गाडी, आणि आपण श्वास सोडेपर्यंत खेळ खलास. सांगाडा सगळा पाइपांचा, घरीच जोडलेला. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, आता इंजिनिअर झाली आणि म्हणते, मीच चालवणार.

नियमांचं पुस्तक तिनं मला बसवून वाचून दाखवलं. पाइप बिनजोडाचा हवा, भिंत तीन मिलिमीटरच्या खाली नको, बसल्यावर बांधायचे पट्टे पत्र्याला नाही, सांगाड्यालाच कसायचे. डोक्यामागची कमान एका अखंड पाइपाची, वाकवताना कुठं चिमटलेली चालत नाही. गाडी उलटली तर पोरीचं डोकं आणि डांबर यांच्यामध्ये ती कमानच असते. मी म्हटलं, नागपूरला कशाला जायचं, पाइप घरात आहे. टोक कापून जाडी बघितली, तुमच्यासारखं पान्यानं वाजवून बघितलं. खणखणीत! तीन आठवडे लागले कमान आणि तिचे टेकू जोडायला. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

जोडताना सारखे तुम्हीच समोर होतात. मी चौदा वर्षांची, कूलरच्या स्टँडला पहिला जोड मारलाय, आणि तुम्ही गिऱ्हाइकादेखत त्याच्यावर हातोडा घालता. जोड सुटून पडतो. "हे वेल्डिंग होय का शेण?" मी रडत नाही, पण काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघितल्यामुळे संध्याकाळी डोळ्यांत रेती भरल्यासारखं होतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, मी भिंतीला टेकून बसले आहे, आणि तुम्ही स्वतः विळीवर कच्चा बटाटा कापून माझ्या डोळ्यांवर चकत्या ठेवता. गरम झाली की चकती बदलता. त्याच आठवड्यात नागपूरहून माझ्या मापाचे चामडी हातमोजे आले. अजूनही कुणी रागावलं की मला वाटतं, आता बटाट्याची चकती येईल. कुठली येते!

आता भोकाचं सांगते. तपासणीवाल्याला जाडी मोजता यावी म्हणून कमानीला बारीक भोक पाडून ठेवायचं असतं. मी भडकलेच. चांगल्या पाइपाला भोक कशाला? पण नियम म्हणजे नियम, म्हणून ड्रिल लावलं, आणि ते भसकन आत गेलं. जाड पाइप असा जात नाही, बाबा. हाताला आधी कळलं. मोजलं तर भिंत दोन मिलिमीटरसुद्धा नाही. उलट्या बाजूला पाडलं तर सव्वातीन. लाइन मधोमध झोळलेली असणार, तिथं साचलेल्या पाण्यानं पाइप आतून एका बाजूनं खाल्लेला. टोकाला धड, वरून धड. आणि तोच मधला भाग नेमका कमानीच्या माथ्यावर आलेला.

मी खालीच बसले. ती म्हणाली, "आई, वरून पट्टी मारू. आबाजींचा पाइप हाय, राहू दे." तिला तुम्ही आठवतसुद्धा नाही, तरी तुमच्यासाठी ती त्या कमानीखाली बसायला तयार होती. एवढं तुमचं वेड मीच तिला लावलं. खरं सांगते, मलाही ती कमान ठेवायचीच होती, तिच्यापेक्षा जास्त. मी ग्राइंडर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, काप. ती "नाई" म्हणाली. मग मी म्हटलं, "आबाजीच म्हनत, मानूस ज्याच्या खाली बसते त्याले पट्टी लावाची नाई." एवढं ऐकल्यावर तिनं कापली. मी बाहेर हायवेवरचे ट्रक बघत उभी राहिले. रडलेही.

नवा पाइप नागपूरहून जाडीच्या दाखल्यासकट आला, त्याची नवी कमान जोडली. परवा ती पहिल्यांदा पळवून परतली, मी तिचे पट्टे सोडवले, धड होती. आता ती भेटेल त्याला सांगत असते, आमचे आबाजी असं म्हणत. मी मान हलवते. तिला मी खरं सांगणार नाही, आणि हे पत्र तर कुठं जायचंच नाही, म्हणून इथं लिहिते. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात, बाबा. तुम्ही पट्टी मारली असती, घासून रंग लावून दिला असता, आणि तुमची पट्टी म्हणून मी तिला हसत हसत आत बसवलं असतं.