नीलिमाच्या मनगटाचं मेमोरँडम

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. अगदी खासगी. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायचं.

वस्तुस्थिती. २० फेब्रुवारीला सकाळी नीलिमा, म्हणजे माझी बायको, भाजी घेऊन परत येत होती. आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर फुटपाथ वळतो, तिथं एक ई-बाईक फुटपाथवरूनच सुसाट आली आणि हिला धडकली. इथं ई-बाईकला फुटपाथवर बंदी आहे. उजवं मनगट मोडलं. प्लेट, सहा स्क्रू. चालवणारी चिनी बाई, पंचावन्नच्या आसपास, लोकांना घरपोच जेवण पोचवणारी. पळाली नाही. ॲम्ब्युलन्स तिनंच बोलावली. (हा मुद्दा आपल्याला गैरसोयीचा.)

पोलीस तपास चालू आहे. खटला भरायचा की नुसती समज देऊन सोडायचं, ते ठरायचंय. समज! सहा स्क्रू आणि समज!

संकल्प. एक, नीलिमाला न्याय मिळवून द्यायचा. दोन, नीलिमालाच का, सगळ्याच पीडितांना. तीन, चार किलो वजन उतरवायचं.

हॉस्पिटलच्या फेऱ्या सोडल्या तर नीलिमा त्या दिवसापासून खाली उतरलेली नाही. मागून सायकलची नुसती घंटी वाजली तरी छातीत धस्स होतं म्हणते. तिला सांगितलं, अजिबात काळजी करू नकोस, मी टिपून ठेवलंय.

मंगळवार, ४ मार्च

केस सार्जंट नूर नावाच्या मुलीकडे आहे. फार नम्र. तिनं एक फॉर्म पाठवलाय, पीडितेचं निवेदन. या घटनेचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते तुमच्या शब्दांत लिहा. दोन पानं. मुदत २८ तारीख. खटल्याचा निर्णय घेताना हे वाचलं जाणार.

फॉर्म ताबडतोब ताब्यात घेतला. आमच्या घरात फॉर्म मी भरतो. या देशात आलो तेव्हाचा नीलिमाचा डिपेंडंट पास, मग पीआर, मग सिटिझनशिप, इराच्या शाळा, नीलिमाचा योगा क्लास. आजवर एकही फॉर्म परत आलेला नाही. नीलिमा म्हणाली, मी सांगते, तू लिहून घे. म्हटलं, तू पड जरा, मला सगळं माहीत आहे.

इरा मध्ये बोललीच. मुलगी आमची, वय एकोणीस, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. म्हणाली, पा, ओन वर्ड्स मीन्स हर वर्ड्स, लाह. (हे लाह इथल्या शाळेतलं, प्रत्येक वाक्याला शेपूट.) नवरा-बायकोत कसले आलेत ओन वर्ड्स!

गुरुवार, ६ मार्च. लंच टाइम, ऑफिस, रॅफल्स प्लेस

बँकेत कंप्लायन्सला चौदा वर्षं काढल्याचा फायदा आज दिसला. एका बैठकीत सहा पानं झाली. सुरुवात: “२० फेब्रुवारीच्या सकाळी मी एका अत्यंत महत्त्वाच्या मीटिंगमध्ये असताना माझा फोन वाजला.”

आत्ता पुन्हा वाचताना लक्षात आलं की निवेदनातला मी म्हणजे नीलिमा. बदलायला हवं. पण सुरुवात जोरदार झालीये, काढवत नाही.

सॅलडऐवजी चिकन राईस. विचार करायला ताकद लागते.

रविवार, ९ मार्च

आज डोक्यात प्रकाश पडला. एका फॉर्मनं काय होणार? सिस्टिम हलवली पाहिजे. २३ तारखेला आमच्या रेसिडेंट्स कमिटीची सार्वजनिक सुरक्षेवर सभा आहे, टाऊन कौन्सिलचा माणूस येणार आहे. त्याच्या हातात मेमोरँडम ठेवायचं. विषय: खटले भरण्याच्या पद्धतीत सुधारणा, सार्वजनिक सुरक्षा व पीडितांचे हक्क. निवेदनही त्यातच घालून टाकू, दोन्ही कामं एकदम.

सकाळपासून नऊ कलमं झाली. कलम चार: केससंबंधी आलेला प्रत्येक कागद सर्वांत आधी पीडितेला दाखवलाच पाहिजे. कलम पाच: कोणताही निर्णय घेण्यापूर्वी पीडितेला विचारलंच पाहिजे. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. नीलिमाला वाचून दाखवायला गेलो तर झोपलेली. दुपारी अडीच वाजता! हल्ली दिवसा फार झोपते. रात्री जागी असते बहुतेक. विचारायला हवं.

उठल्यावर म्हणाली, त्या कोपऱ्यावर एक गोल आरसा लावायला सांग ना, समोरून येणारं दिसेल तरी. म्हटलं, नोंद घेतो. घेतली. मग काढली. एवढ्या मोठ्या सुधारणांच्या शेजारी आरसा म्हणजे अगदीच किरकोळ वाटतो.

बुधवार, १२ मार्च. सकाळी ८

गंभीर प्रकार. खाली मिनीमार्टमध्ये दूध आणायला गेलो, तर दुकानातल्या अंकलनं एक पाकीट हातात ठेवलं. वर लिहिलेलं, हात मोडलेल्या इंडियन मॅडमसाठी. त्या बाईकवाल्या बाईचं! नाव मॅडम ओंग.

लिफ्टमध्येच फोडलं. अर्धं पान, मोठी मोठी अक्षरं, मोडकं इंग्लिश. दोन ऑर्डरींना उशीर झाला होता, फुटपाथवर चढायला नको होतं, चूक माझी. तुम्ही पडलात तो आवाज अजून कानात आहे. केस मागे घ्या असं म्हणत नाही. तुमची हरकत नसेल तर समोर येऊन सॉरी म्हणायचं आहे. माझंही मनगट एकदा मोडलं होतं, व्यायाम फार दुखतो, पण सोडू नका, पाचव्या आठवड्यापासून बरं वाटतं.

हा सरळसरळ दबाव आहे. फाईलला लावलं, परिशिष्ट क म्हणून. नीलिमाला दाखवलं नाही. मन नाजूक झालंय तिचं, योग्य वेळ बघून दाखवू.

बसमध्ये पुन्हा वाचलं. असो.

शनिवार, १५ मार्च

संकल्प: आजपासून रोज संध्याकाळी सहाला नीलिमाला खाली फिरायला न्यायचं. हळूहळू भीती जाईल. इंटरनेटवरही तेच लिहिलंय.

सहाला पाच कमी असताना मिस्टर टे यांचा फोन. कमिटीचे चेअरमन, रिटायर्ड शिक्षक, भला माणूस. म्हणाले, मेमोरँडम मिळालं, पण टाऊन कौन्सिल लिफ्ट बघतं, दिवे, फुटपाथ, कचरा बघतं. खटले भरणं त्यांच्याकडे येत नाही. मी कलमवार समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं ऐकून घेतलं त्यांनी. याला नकार म्हणत नाहीत.

फोन ठेवला तर नीलिमा सोफ्यावर बूट घालून बसलेली. एका हातानं घातले होते, इराला न सांगता. मी म्हटलं, चल! ती म्हणाली, आता नको, मघाशी धीर झाला होता. बूट काढायला मात्र तिनं इराला हाक मारली. उद्या नक्की.

मंगळवार, १८ मार्च

रविवारी जमलं नाही. काल पाऊस.

आज फिजिओ. मला ऑडिटची मीटिंग, म्हणून इरा घेऊन गेली. फिजिओ म्हणाली, व्यायाम होत नाहीये, बोटं आखडायला लागली आहेत. आणखी महिनाभर असंच चाललं तर हात पूर्ववत होणं अवघड आहे.  लगेच पान अकरावर घातलं.

संध्याकाळी नीलिमा डाव्या हातानं कणीक मळायला बसली. नको म्हटलं तरी. पीठ सगळं ओट्यावर, परात फिरत राहिली, आणि ती रडायला लागली. हमसून हमसून. मी समोर टेबलापाशीच होतो, लॅपटॉप उघडा. चटकन टाईप केलं: पीडितेला कणीक मळता येत नाही, अश्रू अनावर. असे जिवंत तपशील आयत्या वेळी सापडत नाहीत.

तिनं मान वर केली. विचारलं, लिहितोयस? मी हो म्हटलं. तिनं पिठाचा हात तसाच पुढे करून लॅपटॉप मिटला आणि आत निघून गेली. कीबोर्डमध्ये पीठ गेलंय. ई आणि आर दाबले जात नाहीत.

पोळ्या बाहेरून आणल्या. वजन एक किलोनं वर.

रविवार, २३ मार्च. दुपारी २

सकाळची सभा झाली. तपशील शांतपणे लिहितो.

चाळीस प्रती, प्रत्येकी सतरा पानं, स्टेपल केलेल्या. आणि नीलिमा आली! इराचा हात धरून, स्वतःहून, खाली. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघ, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं.

सुरुवात छान झाली. कलम चार जरा आवाज चढवूनच वाचलं, प्रत्येक कागद सर्वांत आधी पीडितेला. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग माझं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. नीलिमा माझ्याकडे बघत नव्हती. पान पंधरावर होती.

परिशिष्ट क काढायचं राहिलं होतं.

तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा. मग उभी राहिली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, हे पत्र मला लिहिलेलं आहे, हे कधी आलं? मी म्हटलं, बारा तारखेला. माईक चालू होता, त्यामुळे ते ‘बारा तारखेला’ सगळ्या हॉलभर ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिस्टर टे यांनी कलम चारवर बोट ठेवलं, मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

नीलिमा खाली बसली नाही. टाऊन कौन्सिलच्या माणसाकडे वळून म्हणाली, आमच्या कोपऱ्यावर एक आरसा लावता येईल का?  तो म्हणाला, येईल मॅडम, या आठवड्यात जागा बघून जातो. लिहूनही घेतलं. दोन मिनिटं लागली असतील. मेमोरँडमची नोंद घेण्यात आली.

घरी येताना लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ. इरा म्हणाली, पा, डोंट टॉक नाऊ. मी बोलतच नव्हतो.

सोमवार, २४ मार्च

संकल्प: पत्र का ठेवून घेतलं ते नीलिमाला नीट समजावून सांगायचं. तिच्याच भल्यासाठी होतं. मुद्दे काढले, पाच.

दुसऱ्या मुद्द्याला तिनं थांबवलं. म्हणाली, मला भयंकर राग आलाय निशिकांत, हात ठणकतोय, आणि तुझं समजावणं ऐकायची माझ्यात आत्ता ताकद नाही. फॉर्म दे.

सगळी फाईलच दिली. तिनं त्यातली कोरी दोन पानं काढून घेतली, फाईल परत केली. जेवणाच्या टेबलावर डाव्या हातानं लिहायला बसली. दीड तास. मी पाणी नेऊन ठेवलं, तर तिनं पानावर प्लॅस्टरचा हात आडवा धरला. इरा एकोणीस वर्षांची, तिची डायरी तरी मी कुठं वाचतो? मग माझ्यापासून काय लपवायचं? स्पेलिंग तपासून देतो म्हटलं. नको म्हणाली.

मॅडम ओंगचं पत्र तिच्या उशाशी आहे. आज सकाळी व्यायाम करताना दिसली. दात आवळून. बोलावलं नाही मला. मीही गेलो नाही, कसं जाणार?

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी ५

रजा काढून पोलीस स्टेशनला गेलो. फाईल बरोबर घेतली, न जाणो. सार्जंट नूर म्हणाली, फक्त मॅडम आत येतील. मी म्हटलं, परिणाम माझ्यावरही झालाय. ती म्हणाली, समजू शकते सर, आपण बसा. पाणी दिलं.

पन्नास मिनिटं बसलो. भिंतीवरचं सायकल सुरक्षेचं पोस्टर चारदा वाचलं. त्यात दोन चुका आहेत. कोणाला सांगितल्या नाहीत.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण चाल मोकळी. म्हणाली, खटला भरायचा की नाही ते त्यांनी ठरवावं, मी जे झालं ते सांगितलं. त्या बाईंना भेटायची माझी तयारी आहे तेही सांगितलं. मी विचारलं, निवेदनात काय लिहिलंस? म्हणाली, जे विचारलं होतं तेच, परिणाम.

टॅक्सी बोलावत होतो तर म्हणाली, एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं जाऊ. बिशान स्टेशनपासून घरापर्यंत चालली. मागून एक सायकल आली तेव्हा थबकली, डोळे मिटले, ती पुढे गेल्यावर पुन्हा चालायला लागली. मी हात पुढे केला होता. तिला दिसला नसावा.

बुधवार, २ एप्रिल. संध्याकाळी ६.२०

नीलिमा खाली गेलीये. एकटी. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणाली. मी येऊ का विचारलं. आधी विचारलं, हे नमूद करतो. नको म्हणाली.

फोन चार्जिंगला इथंच राहिलाय तिचा. आत्ता वाजला. मी घेतला. पोलिसांकडची एक स्वयंसेविका होती, अपघातातल्या, गुन्ह्यातल्या लोकांशी बोलायला असतात तशी. बोलणं फार शांत. मॅडम आहेत का? मी म्हटलं, त्यांचं सगळं मीच बघतो, मला सांगा.

ती म्हणाली, त्यांनी निवेदनात लिहिलंय की घरी याबद्दल बोलायला त्यांना कोणी नाही. म्हणून दर आठवड्याला आम्ही फोन करू. कुठली वेळ बरी पडेल?

मी म्हटलं, सहा. संध्याकाळी सहा बरी.

तिनं लिहून घेतलं. थँक यू म्हणाली. मग नोंदीसाठी विचारलं, आपण शेजारी का?

मी म्हटलं, नवरा.

 मग तिनं हळूच विचारलं, आपण त्याच घरात राहता ना सर?

हो म्हणालो.