अजोआसाठी पियानोचं पहिलं पुस्तक

टाकोराडी,
१२ जानेवारी १९९४

ती. मान्साक्का यांस, एबोचा शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंचा निरोप पोचला. मुलं आईच्या घराण्याची, आई गेली की आजोळी वाढायची, हा रिवाज मलाही ठाऊक आहे, मीही तुमच्यासारखा फान्टी जमातीचाच. पण आक्का, तुमची बहीण एकुआ जाऊन अजून वर्षही झालं नाही. आता अजोआ आणि फीफी ही मुलंही गेली, तर बंदरावरची पाळी संपवून मी कुणाकडे परत यायचं?

सासूबाई म्हणाल्या म्हणे, एकुआ असती तर अजोआ एव्हाना पियानोवर बसली असती, हा क्रेनवाला तिला काय शिकवणार! हे मला लागलं. म्हणून ठरवलंय, शिकवीन तर मीच. तुम्ही गावातल्या निम्म्या पोरांना शिकवलंय, तुम्हीच सांगा. दुकानात तीन तऱ्हेची पुस्तकं आहेत. एकात रंगीत चित्रं आणि प्रत्येक सुरावर बोटाचा आकडा. दुसऱ्यात दोन्ही अंगठे मधल्या एकाच पट्टीवर ठेवून सुरुवात. तिसऱ्यात मुलाच्या गाण्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ, मोठ्या माणसाने वाजवायची. कुठलं घेऊ?

हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ एकुआच्या पियानोच्या पट्ट्यांच्या फटींत बसलीय, रोज पुसतो. धाकटा फीफी अजून तळहातानेच पियानो बडवतो. सासूबाईंना नमस्कार.

आपला,
एबो

•

केप कोस्ट,
२० जानेवारी

चि. एबो यास अनेक आशीर्वाद.

जावईबापू, जहाजातून लोखंडाची खोकी उचलणारे हात आता सूर उचलणार, हे वाचून मी आधी हसले आणि मग डोळे पुसले. एकुआने तुला पियानोच्या जवळ तरी कधी येऊ दिलं होतं का रे?

आकड्यांचं पुस्तक घेऊ नकोस. पोर सूर वाचत नाही, आकडा वाचतं. हात जरा सरकवायला सांगितला की भांबावतं. अंगठ्यांचं घे. अक्षर ठसठशीत आहे, पानावर गर्दी नाही, चाल सावकाश आहे. तिसरं खरं तर सगळ्यांत गोड, पण खालची ओळ वाजवणारं माणूस घरात हवं. ते नसेल तर ती गाणी उपाशी वाटतात. तेव्हा ते राहू दे.

तू स्वतः एक पान पुढे राहा. रोज थोडंच घे, आणि चुकली तरी बोटं धरू नकोस. आईला मी सांगितलंय, वर्षश्राद्धाची प्रार्थना होईपर्यंत मुलांचा विषय काढायचा नाही. ती गप्प बसलीय, पण तोंड फुगवून.

तुझी,
मान्साक्का

•

टाकोराडी,
६ मार्च

ती. आक्का यांस सा. न.

अंगठ्यांचं पुस्तक घेतलं. अजोआ भराभर शिकतेय. मीच मागे पडतो आणि ती मला रागावते, की बाबा, तुमची बोटं मक्याच्या केंक्याच्या गोळ्यांसारखी जाड आहेत, दोन पट्ट्या एकदम दाबतात.

पण एक झालं. पुढच्या गाण्याखाली शब्द छापलेत, आई अंगणातून हाक मारते, असे. मी आदल्या दिवशीच त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून ठेवली. पोरीने नखाने ती सोलून काढली आणि शांतपणे मला म्हणाली, की बाबा, शब्द झाकला म्हणजे आई गेल्याचं मी विसरेन का? तिने ते गाणं शेवटपर्यंत वाजवलं, खाली उतरली आणि फीफीला माशाचे काटे काढून भरवायला लागली.

आक्का, आईला पुरलं त्या दिवसापासून ती एकदाही रडलेली नाही. सात वर्षांची पोर! मला धडा कळतो, ती कळत नाही. ईस्टरला तुम्ही याल का?

आपला,
एबो

•

केप कोस्ट,
१४ मार्च

चि. एबोस आशीर्वाद.

येते. ते तिसरं पुस्तक माझ्याकडे आहे, घेऊन येते. खालची ओळ मी वाजवीन. पोरीला आत्ताच काही विचारत बसू नकोस.

मान्साक्का

•

टाकोराडी,
२९ मे

ती. आक्का यांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. त्या दुपारी तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसून खालची ओळ धरलीत, आणि ती मध्येच थांबून तुमच्या हातांकडे बघत राहिली, मग तिने तुमच्या दंडावर तोंड खुपसून हंबरडा फोडला. मी दारात चहाची किटली घेऊन उभा होतो. जवळ यावं की नाही, तेही कळेना.

आता ती पुन्हा हसते, भांडते. पण परवा अडखळत म्हणाली, की मावशीचे हात आईसारखे आहेत, मी तिकडे राहायला जाऊ का? बाबा, तुम्ही रागावणार नाही ना? नाही रागावणार, म्हटलं आणि बादली घेऊन नळावर गेलो. घरात पाणी होतं, तरी गेलो.

रिवाजाशी भांडायची तयारी केली होती मी, आक्का. सासूबाईंना काय काय सुनवायचं, तेही पाठ होतं. पण पोरच विचारते तर कुणाशी भांडू?

शाळेला सुट्टी लागली की तिला आणून सोडतो. फीफीला मात्र अजून नेऊ नका, एवढं सासूबाईंकडे माझ्यासाठी मागा.

एबो

•

केप कोस्ट,
१० ऑगस्ट

चि. एबोस अनेक आशीर्वाद.

अजोआ रुळतेय. तुझी बस सुटल्यावर बराच वेळ फाटकाशी उभी होती, मग स्वतःच आत आली. आईने तिला मांडीवर घेतलं आणि एकुआच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. फीफी राहील तुझ्याजवळ. आईने मान डोलावली, आणि मग म्हणाली, की क्रेनवाल्याचं मन मोठं आहे. तिच्या तोंडून एवढं पुष्कळ!

तू कसा आहेस ते लिही. खरं लिही.

मान्साक्का

•

टाकोराडी,
२१ ऑगस्ट

ती. मान्साक्का यांस सा. न.

खरं लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. कामावरून आलो की फीफीला जेवू घालतो आणि पियानोशी बसतो. तेच आईच्या हाकेचं गाणं घेतो. अजून अडखळतो. काल शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून आनंदाने विचारलं, की काय हो, अजोआ परत आली का? मी म्हटलं, नाही बाई, हा मीच.

हे अजोआला सांगू नका. तिला वाटेल, आपण घरी जायला हवं.

माया आहे ती तशीच असू द्या.

आपला,
एबो