मंगळवारची चादर

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

आले: चादर १, गिरणीच्या दुकानातली, सेकंड, एका कडेला सूत तुटलेले, रु. ११. साबण वड्या २, रु. १.३०. ज्वारी १० किलो, मंद्रूपच्या बाजारातून, रु. १७. यांच्या मधुमेहाच्या गोळ्या ३०, रु. ६.

चादर घ्यावीच लागली. जुनी आज परत धुतली, ती वाळेपर्यंत पांघरायला काय? हे पहाटे उठले ते विहिरीतून काढल्यासारखे. बनियन पिळलं तर पाणी निघालं. आणि थंडी अशी की बाटलीतलं खोबरेल गोठलंय. म्हणाले, "तांब्या सांडला असेल." तांब्या उशाशी भरलेला होता.

चादर आणि वर गोधडी घेऊन झोपतात. गोधडी आजपासून ट्रंकेत.

शनिवार, १२ जाने.

चार रात्री कोरड्या. गोधडीचाच दोष, मी म्हणतच होते.

सहावा सोमवारही नीट पार पडला, तो टिपायचा राहिला होता. सासूबाईंनी तिकडे गावी वेळापूरच्या महादेवाला सोळा सोमवार बोललेत, मुलाची साखर उतरावी म्हणून. करायचे अर्थात मुलानेच. आमच्याकडे सोमवार रात्री सुटत नाही, मंगळवारी सकाळी आंघोळ झाल्यावर सुटतो. डॉ.नी कागदावर मनाई लिहून दिली आहे: साखर, गूळ, भात, बटाटा, रताळे, साबुदाणा, केळी. म्हणजे उपासाचं सगळंच गेलं. म्हणून सोमवारी यांना बिनसाखरेचा चहा दोनदा आणि ताक एकदा, बास. गोळी मात्र चुकत नाही, मी स्वतः हातावर ठेवते. देवाचंही पाळलं, डॉ.चंही पाळलं. असं दुसरं घर दाखवावं कोणी.

मंगळवार, १५ जाने.

काल संक्रांत आणि सोमवार एकत्र. सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या गर्दीत, यांना दहा जणांनी तिळगूळ दिला. एकही तोंडात टाकला नाही, सगळा खिशातून आणून कुसुमच्या ओंजळीत ओतला. आठवीतली पोरगी, तिची चैन. मला बरं वाटलं. कुणी बघत नसताना पाळणारा माणूस आहे.

आणि रात्री परत तेच. अंगावर एकच चादर, तीही पातळ. उठून बसले, हात थरथरत होते, मला म्हणतात, "माझं कार्ड कुठंय? हजेरी लागायची न्हाई." गिरणीच्या टाइम ऑफिसात आहेत, पण स्वप्नात कधी हजेरी मागितली नव्हती. हात लावला तर खेकसले. सकाळी विचारलं तर काही आठवत नाही.

गोधडीचा दोष नव्हता. पुसून टाकत नाही, लिहिलंय ते राहू दे.

गुरुवार, १७ जाने.

शेजारच्या गौराक्कांनी दोरीवर चादर पाहिली आणि विचारलं. सांगायला नको होतं. म्हणाल्या, "वैनी, माझ्या दिराला असाच घाम यायचा की हो रात्री. पाच वर्षं झाली. छातीचं बघून घ्या." त्यांचे दीर गेले ते मला माहीत आहे. कशाने गेले तेही. तो शब्द इथे लिहीत नाही.

यांना म्हटलं, छातीचा फोटो काढून घेऊ. तर म्हणाले, "गिरणीच्या दवाखान्यात कळलं की आधी रजा, मग नोकरीचं बघू म्हणतील. ओल्या चादरीवरनं मला घरी बसवायला निघालीस व्हय?"

शनिवार, १९ जाने.

दोन दिवस यांची कपबशी आणि ताटली वेगळी ठेवली, उकळत्या पाण्यातून काढून. कुसुम यांच्याच कपातला उरलेला चहा पिते म्हणून. वाटलं होतं लक्षात येणार नाही. आज जेवायला बसले, ताटली उचलून उलटीसुलटी करून बघितली.

"माझी वेगळी काय?"

मी भाकरी थापत राहिले. जेवले, ताटली स्वतः घासून फळीवर बाजूला ठेवली.

मंगळवार, २२ जाने.

परत. चादर, उशी, बनियन. आज स्वतःच म्हणाले, "चल, काढू फोटो." गिरणीचा दवाखाना नको, बाहेर काढू. पंधरा रु. लागतील. डब्यात आहेत.

शनिवार, २६ जाने.

छाती स्वच्छ. डॉ.नी काच उजेडाला धरून दाखवली. मला काय कळणार, पण पांढरं-काळं बघून घेतलं. सिद्धेश्वराला नारळ. कपबशी परत सगळ्यांच्यात. यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "आलो का जातीत?" हसले पण. माझ्याच्याने हसवलं नाही.

डॉ.नी एक विचारलं: "घाम रोज येतो का? की कधीतरी?" मला सांगता आलं नाही. कोथिंबिरीची जुडी लिहून ठेवणारी मी, आणि हे सांगता येईना. फार लाज वाटली. आल्या आल्या दुधाच्या कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या. चादर भिजली त्या सकाळी "चा." या वहीतून मागच्या तारखाही काढल्या: ८, १५, २२.

लावून झाल्यावर बघत राहिले. तिन्ही एकाच आडव्या ओळीत. मंगळवार.

मंगळवार, २९ जाने.

चा. चौथा, त्याच ओळीत.

न राहवून गौराक्कांना दाखवलं. त्यांनी कॅलेंडरलाच हात जोडले. "अय्यो! सोमवारची रात्र म्हणजे सिद्धरामाची. घाम नाही हो वैनी, अंगात येतंय साहेबांच्या." संध्याकाळी हळदकुंकू घेऊन यांच्या पाया पडायला आल्या. हे खुर्चीत आखडून बसले. त्या गेल्यावर मला म्हणतात, "आता चहा वाकून देत जा."

थट्टा केली, पण मलाही खरं वाटलं. इतके सोमवार कडक झालेत, देव का येणार नाही? आज जपाला बसले तर डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवार, ५ फेब्रु.

काल दहावा. झोपले नाहीच मी. पूजेचं पंचामृत वाटीत झाकून ठेवलेलं, समई लावून ठेवलेली. दीडच्या सुमारास सुरू झालं. आधी कपाळ, मग मान, मग सगळं अंग गार आणि ओलं. उठून बसले. मी हात जोडून विचारलं, काय हवं?

म्हणाले, "भाकरी."

देव भाकरी मागतो? मागतही असेल. पण उपास सुटायला सकाळ व्हायची होती. मग पंचामृत पुढे केलं, ते तीर्थच, त्याने उपास मोडत नाही. दोन्ही हातांनी वाटी धरून सगळं प्यायले, बोटाने पुसून घेतलं. पंधरा मिनिटांत थरथर गेली. घाम थांबला. मला म्हणाले, "तू का जागी? झोप की." शुद्धीत, नेहमीसारखे. पहाटे उठले ते कोरडे.

गौराक्का म्हणतील प्रसाद पावला. मीही आधी तेच म्हटलं. मग चूल पेटवताना मनात आलं, पंचामृतात मी काल काय काय घातलं? दूध, दही, तूप. मध. आणि साखर, दोन चमचे.

बुधवार, ६ फेब्रु.

गोळ्यांच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो, इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. आजवर त्यात हळद बांधत होते. आज हे गिरणीत आणि कुसुम शाळेत गेल्यावर ट्रंकेतली डिक्शनरी काढली. मॅट्रिक होऊन एकोणीस वर्षं झाली. त्या वेळी इंग्रजीत पंचावन्न होते, माहेरी, केमच्या शाळेत, मुलींत पहिली होते. लग्नानंतर ते कधी लागलं नाही.

तीन तास लागले. चार शब्द डिक्शनरीत नाहीतच. पण एक वाक्य पुरं लागलं: जेवण चुकले तर या गोळीने रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. आणि पुढे त्याची लक्षणं. भूक. थरथर. गोंधळ, चिडचिड. आणि घाम. हा शब्द तीनदा बघितला. घामच.

म्हणजे गोळी दिवसभर आपलं काम करत राहते, आणि पोटात मी काही घालत नाही. सोमवार ते मंगळवार. आणि ही गोळी हातावर कोण ठेवतं? मीच. नेमाने.

लागलं जिवाला. पण लागला शोध, हेही खरं. भात चुलीवर करपला आज, पहिल्यांदा. कुसुमने वास घेतला.

गुरुवार, ७ फेब्रु.

कागद आणि कॅलेंडर, दोन्ही घेऊन डॉ.कडे. एकटीच गेले. डॉ.नी आधी कॅलेंडर बघितलं, मग मला.

"उपास करतात? तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

मग खुर्ची दिली बसायला. म्हणाले, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, सोमवारी रक्त-लघवी तपासून मग ठरवू, कदाचित अर्धी पुरेल. उपास अजिबात नाही, तिन्ही वेळा पोटात हवं. परत झालंच तर लगेच साखरपाणी, चार चमचे, आणि बरं वाटलं की भाकरी-दूध. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. सगळं तिथेच लिहून घेतलं. मी लिहीपर्यंत थांबले. जाताना विचारलं, "शिक्षण किती तुमचं?" सांगितलं.

रात्री यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "डोकं आहे तुला." आणि लगेच, "पण सोमवार मोडायचा न्हाई. आईनं बोललंय."

मंगळवार, १२ फेब्रु.

चा. नाही. मंगळवारची ओळ पहिल्यांदा कोरी.

असं झालं. काल तपासणीहून आले. गोळी अर्धी झाली. मी म्हटलं, सगळं गाव सोमवार दिवेलागणीला सोडतं, आपल्याकडेच सकाळी, आज गावासारखं करा. दुपारी दूध घेतलं, ते उपासाला चालतं. संध्याकाळी दिवा लावून भाकरी आणि मेथी वाढली. बराच वेळ ताटाकडे बघत बसले. मी म्हटलं, मी जेवत नाहीये, सकाळी सोडीन, घराचा नेम माझ्याकडून चालू आहे. मग जेवले. दीड भाकरी.

मी दोनदा उठून कपाळाला हात लावला. कोरडं. दुसऱ्यांदा म्हणाले, "अगं, ताप बघतेस का पिकलं का बघतेस?"

गुरुवार, २१ फेब्रु.

काल महाशिवरात्र. सोमवार १८ चा बारावा नीट झाला होता, म्हणून मी बेसावध. सकाळी अर्धी गोळी दिली आणि डबा भरून दिला, भाकरी-पिठलं. डबा रिकामा आला. संध्याकाळी म्हणाले, देवळाजवळ मित्राकडे जेवलो. मी विश्वास ठेवला.

रात्री घाम. बुधवारी. चादर, उशी, सगळं. साखरपाणी तयारच होतं उशाशी, दोन आठवडे ठेवतेय. चार चमचे. वीस मिनिटं लागली. मग भाकरी-दूध.

"डबा कुणाला दिला?"

दुधाची वाटी खाली ठेवली. मग, "टाइम ऑफिसच्या दारात एक म्हातारा बसतो."

मी रागावणार होते. तर म्हणाले, "आईला काय सांगू? तिनं माझ्यासाठी देवापुढं पदर पसरला. तिला लिहू, की मला जमलं न्हाई?" चाळिशीचा माणूस, भिंतीकडे तोंड करून.

सकाळी कॅलेंडरवर गुरुवारच्या ओळीत चा. लिहिलं. वार काही नाही, उपासच आहे. आता गौराक्काही मान्य करतील. त्यांना दाखवणार आहे.

सा. बाईंना मीच लिहायचं ठरवलं. यांना विचारलं नाही. कार्डावर मावावं म्हणून आधी इथे लिहून बघते.

"ती. सौ. सासूबाईंस शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. यांना रात्री फार घाम येत होता. छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ आहे. कारण सापडले. मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले की साखर एकदम उतरते आणि जिवावर बेतते. डॉ.नी उपास बंद सांगितले आहेत. तुमच्या मुलाने पहिले दहा सोमवार कडक केले, संक्रांतीला तीळसुद्धा तोंडात घातला नाही. पुढचे दोन माझ्या सांगण्यावरून संध्याकाळी सोडले, त्यात त्यांची चूक नाही. नवस तुम्ही त्यांची साखर उतरावी म्हणून बोललात, तर ती उतरली आहे, गोळी आता अर्धी आहे. राहिलेले चार सोमवार त्यांच्या नावाने मी करावे असे मनात आहे, आपल्या घराच्या नेमाप्रमाणे, मंगळवारी सकाळी सोडून. दोन मी आधीच तसे केले आहेत. बायकोने केलेले देवाला चालतात का, ते तुम्हीच सांगू शकाल, आणि चालतात असे तुमचे दोन शब्द आल्याशिवाय हे सोमवारी घास घेणार नाहीत. येत्या सोमवारी मी कसेबसे जेवू घालीन, त्याच्या पुढच्याला माझे ऐकतील असे नाही. म्हणून पत्र मिळताच कुणाकडून तरी लिहवून उलट टपाली कळवावे."