एसी बंद केल्यावर ऐकू येणारं वाद्य

प्रिय अण्णा,

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. त्यासाठी गावी निघालोय. परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भावजी, ह्या खेपेक येशात तेव्हा माका समोर बसान एकदा खरा सांगा. ह्येंका नेमका काय झाला?"

मी "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवला. म्हटलं, रेंज गेली. मस्कतमध्ये भर दुपारी रेंज जाते का रे? तिलाही कळलं असणार.

तिला सांगण्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो. आणि तुझ्यावरचा रागही काढायला हवा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. वर्षभर देवाला रोज हात जोडून तेवढंच मागितलं, हा राग ने म्हणून. त्याने काही नेला नाही.

ते वाद्य पहिल्यांदा तुमच्या इथल्या, मस्कतच्या सुतारशाळेत आलं, तेव्हा हसला होतात ना सगळे? एक म्हातारी युरोपियन बाई ते घेऊन आली होती. इथल्या मुलांना पियानो शिकवायची. एसीच्या कोरड्या थंड हवेने आतलं लाकूड तडकलं होतं. वर टेबलावर ठेवायचा एक लांबट पेटारा, त्याला पियानोसारख्या पट्ट्या. खाली जमिनीवर दुसरा, त्याहून मोठा, त्याला पायाने दाबायच्या लाकडी दांड्या. पेडल क्लॅव्हिकॉर्ड. हे नाव नीट म्हणायला मला सहा महिने लागले. तू मात्र आठवड्यात असं म्हणायला लागलास, जसा काही आपल्या वाडीतलाच कोणी आहे.

बाई तुला सांगायची, तीनशे वर्षांपूर्वी, बरोक म्हणतात त्या काळात, चर्चमधला मोठा ऑर्गन वाजवणारे लोक हे वाद्य घरी ठेवत. ऑर्गनचा भाता मारायला माणूस लागे, आणि हिवाळ्यात चर्च गारठलेलं असे. म्हणून हातापायांचा रियाज घरी, शेजाऱ्याला पत्ता न लागता.

शेजाऱ्याला पत्ता न लागता! तिथेच मला शंका यायला हवी होती.

तू तडा सांधलास. मग दर महिन्याला तिच्याकडे जायला लागलास, तारा लावायला, मग शिकायला. आयुष्यभर भजनात हार्मोनियम वाजवलेला माणूस, पन्नाशीनंतर पायाने सूर दाबायला शिकला. आणि ती कायमची मायदेशी निघाली, तेव्हा ते तुलाच देऊन गेली. म्हणाली, या देशात माझ्यासाठी एसी बंद करणारा तू एकटाच भेटलास.

हे तू मला हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

मी एसीचा मेकॅनिक आहे, अण्णा. तूच मला या कामाला लावलंस, तूच इथे आणलंस. बावीस वर्षं मी परक्यांची घरं थंड करतोय. आणि माझा सख्खा भाऊ मस्कतबाहेर माबेल्यातल्या स्वतःच्या खोलीत, मीच बसवलेला एसी बंद करून, जून महिन्यात घाम गाळत बसतो! कोणाला सांगू?

पहिल्या शुक्रवारी तू मला ऐकायला बोलावलंस. खिडक्या बंद, पंखा बंद, एसी बंद. तू मोजे घालून बाकावर बसलास. तुझे पाय दांड्यांवरून हळूहळू सरकत होते. मला लाकडाची टकटक ऐकू आली, बाहेर कोणाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि माझंच नाक वाजत होतं ते ऐकू आलं.

"माका काय्येक आयकाक येणा नाय," मी म्हटलं.

"कसा येतला? वीस वर्सा तुझ्या कानात कंप्रेसर आसा मरे."

"अरे, पण जा दुसऱ्याक आयकाक येणा नाय, ता वाजवचा कित्याक?"

तू थांबलास. माझं बोट धरून वरच्या एका पट्टीवर ठेवलंस. "हार्मोनियमचो सूर भात्यातल्या वाऱ्याचो. हयसर दाबलंस काय पितळेचो तुकडो तारेक लागता, आणि तू सोडीसर लागानच ऱ्हवता. बोट हलयलंस काय सूर हलता. तारेवर तुझाच बोट आसा असा समज."

मी बोट हलवलं. काहीतरी थरथरलं खरं. पण घामाचा थेंब डोळ्यात गेला आणि मी उठलो. माझी भजनाची वेळ झाली होती. तू भजनाला येणं तोवर सोडलंच होतंस. मंडळी विचारायची, "अण्णा खंय?" मी सांगायचो, कामावर. तुझ्यासाठी पहिलं खोटं मी देवासमोर बसून बोललो.

"आमचा भजन मैलभर आयकाक जाता," जाताना मी टोमणा मारला.

"मगे देव काय बहिरो आसा?" तू म्हणालास.

त्या दिवशी भजनात माझा ठेका दोनदा चुकला. म्हणूनही राग आहे.

पण मी तुला सोडलं नव्हतं, हे तू मान्य कर. मी बाहेरच्या युनिटखाली जाड रबर लावलं. पंखा बदलला. आतल्या मशीनची घरघर इतकी कमी केली, की दुसऱ्या कोणाला ती ऐकूच आली नसती. तू म्हणायचास, "आसा अजून, आसा." त्या वाद्याच्या आवाजापेक्षा माझा एसी मोठाच राहिला.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत तू दहा दिवस गावी गेलास आणि खोलीची चावी मला दिलीस. मी दोन्ही पेटाऱ्यांची झाकणं उघडून आत पाहिलं. यंत्र आहे म्हणजे काहीतरी अडत असणार, हा माझा धंद्याचा स्वभाव. आणि दिसलंच! तारांच्या डाव्या बाजूला, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून विणलेल्या लाल लोकरीच्या पट्ट्या. दोन्ही पेटाऱ्यांत, पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत.

नवीन युनिट येतं ना, तेव्हा आत पाइप आपटू नयेत म्हणून पट्ट्या कोंबलेल्या असतात. चालू करण्याआधी त्या काढायच्या. नवख्या पोरालाही हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. मला वाटलं, बाईने जहाजातून वाद्य आणताना घातलेलं पॅकिंग कोणी काढलंच नाही. बिचारा आवाज कोंडून मेलाय, आणि माझा शहाणा भाऊ त्याच्यासाठी घाम गाळतोय!

मी दोन संध्याकाळी बसून पक्कडीने सगळ्या पट्ट्या ओढून काढल्या. तारांना ओरखडा येऊ दिला नाही. पट्ट्या कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. मग एक सूर दाबून पाहिला. काय घुमला आवाज! देवापुढे नारळ फोडला मी. हसू नकोस.

तू आलास. मी दारातच म्हटलं, "आता एसी चालू ठेवन वाजव, बघ."

तू बाकावर बसून वाजवायला लागलास. एक सूर थांबेना तोवर दुसरा, त्यात तिसरा, खालून पायाचे जाड सूर. बोट उचललं तरी काही विझेना. लग्नाच्या मांडवात सगळ्या बायका एकदम बोलाव्यात, तसं झालं. तू हात उचललास तरी ते चालूच.

"पट्टये खंय आसत?"

"ता पॅकिंग? टाकलंय."

"पॅकिंग," तू म्हणालास. पुन्हा एकदा म्हणालास, "पॅकिंग." मग झाकण लावलंस आणि मला विचारलंस, चहा घेतोस का.

एवढंच! शिवी का नाही दिलीस, अण्णा? आपल्या घरात कोणी कोणाला शिवी द्यायला कधी लाजलंय का? कानाखाली मारली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी कापड घेऊन दारात उभा राहिलो असतो. ती लोकर नसली की तारेचा पितळेपलीकडचा उरलेला तुकडाही वाजत राहतो, आणि बोट उचलल्यावर सूर थांबत नाही, हे मला कोण सांगणार होतं? तू सांगितलं नाहीस. मला बोलवायचंच बंद केलंस. मोठेपणा केलास. त्या मोठेपणाची शिक्षा मी भोगतोय.

मस्कतहून दीड तासावरच्या निझव्याच्या बाजारात एका शेठकडून तू लोकरीचं कापड आणलंस, हे मला नंतर कळलं. त्याच्या पट्ट्या कापून एकेक तार पुन्हा विणायला घेतलीस. प्रत्येक तार मुकी झाली की नाही, हे कान लावून बघायचं. म्हणजे पुन्हा एसी बंद. मार्च गेला, एप्रिल गेला. मे गेला, जून गेला. अरे, थांबायचं होतंस! तीनशे वर्षं थांबलेलं वाद्य, डिसेंबरपर्यंत थांबलं नसतं? थंडीत विणलं असतंस तर काय बिघडलं असतं? कोण ऐकणारं होतं तिथे?

जुलैतल्या त्या शुक्रवारी मी भजनावरून परतताना संध्याकाळी प्रसाद घेऊन आलो. चार महिन्यांचा अबोला, म्हटलं प्रसादाने तुटेल. दार नुसतं लोटलेलं होतं. उघडलं, तर आतली गरमी भट्टीसारखी अंगावर आली. तू खालच्या पेटाऱ्याशेजारी कुशीवर पडला होतास, हातात चिमटा. पाण्याची बाटली भरलेली, झाकणही न उघडलेली. मी आधी काय केलं, सांगू? आधी एसी लावला. सवय. मग तुला हाक मारली.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मग म्हणाला, उष्णता. मी वहिनीला पहिला शब्द सांगितला आणि दुसरा गिळला.

तुला इथेच अग्नी दिला. अस्थी घेऊन दहाव्याला घरी पोचलो. पिंड ठेवला. कावळा समोरच्या फणसावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. सगळे हात जोडून बोलायला लागले, कोणाला काय सुचेल ते. वहिनीक आमी बघतलों. घराचो नि वायंगणी शेताचो भाग तिच्याच नावार करतलों. कोणी म्हणालं, त्येची ती बाजाची पेटी घराक आणतलों. कावळा हलेना. आणि मी, तुझा सख्खा धाकटा भाऊ, तिथे उभा होतो. तुला काय ऐकायचंय ते त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

त्यानंतर वहिनीने सगळा राग त्या वाद्यावर काढला. "त्या पेट्येक काडी लावा, भावजी." मला ते सोयीचं होतं. तो निझव्याचा शेठही मागच्या महिन्यात येऊन बघून गेला. "भाईसाब, आवाज तो है ही नहीं इसमें. ऊपर काच लगा देंगे, बढ़िया शोकेस बनेगा." तेही सोयीचं होतं. शोकेसला कोण विचारणार, तुझ्या पट्ट्या कोणी काढल्या म्हणून? मी शेठला हो म्हणणारच होतो.

तू गेल्यापासून तुझ्या खोलीत मीच राहतो; हो म्हणण्याआधी वाद्याची झाकणं उघडली. वरचा पेटारा तू पुरा विणला होतास, खालचाही जवळजवळ. शेवटच्या नऊ तारा तेवढ्या उघड्या आहेत. विणकाम मात्र बघत राहावं असं, अण्णा. एक पट्टी सैल नाही.

मी उठून एसी बंद केला. वर्षात पहिल्यांदा. चपला काढल्या आणि विणलेल्या भागातली एक दांडी पायाने दाबली. आधी लाकडाचा हलका ठोका आला. मग त्याच्या मागून सूर आला, खोल, अगदी लहान, शेजारच्या खोलीत वडीलधारं माणूस झोपेत कण्हावं तसा. पाय दाबून धरला तोवर होता. पाय उचलला आणि लोकरीने त्याला लगेच निजवलं. पुन्हा दाबला. पुन्हा. किती वेळ, कोणास ठाऊक. शर्ट भिजला.

मला तो चांगला वाटायला नको होता, अण्णा. वाईट असता, फालतू असता, तर मी तुला वेडा म्हणून मोकळा झालो असतो. तो चांगला निघाला. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

शेठला मी नको म्हणून कळवलंय.

तुला मूलबाळ नाही. पिंड मीच ठेवणार, पक्कड धरली होती त्याच हाताने. म्हणून वचन देतो. त्या दिवशी भटजी यायच्या आधी, आंघोळीच्याही आधी, मी वहिनीसमोर जमिनीवर बसेन आणि म्हणेन, "वहिनी, पट्टये मी काढलंय. एसी त्येणा बंद केल्यान." दोन्ही सांगेन. माझं लपवणार नाही आणि तुझंही झाकणार नाही. मग वाद्याचं काय करायचं ते तिने ठरवावं. आणि पिंडाला हात कोणी लावायचा, तेही.

तुझा धाकटा,
दिगंबर
माबेला