सालीसकट मोजलेल्या तारा

तीर्थरूप आईस,

जर्मनीहून तुझ्या अक्षयाचा नमस्कार. मी बरी आहे, दोन वेळा जेवते. फोनवर सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते.

केसाहून हजारपट बारीक तारा मी इथे बनवते. तू विचारलं होतंस, "तार बारीक केल्यान काय होता गो?" तार जितकी बारीक, तितकी उष्णता तिच्यात अडते आणि वीज मात्र जाते, असं माझ्या आकड्यांत दिसत होतं. अशा तारांची एक बाजू गरम, दुसरी गार राहिली की त्यातून वीज मिळते; म्हणून तर चुलीच्या धगीवर दिवा लावणारी पट्टी तुला कबूल केली होती.

सोमवारी चूक सापडली. हवा लागली की या तारांवर गंजासारखा पातळ थर, म्हणजे साल धरते. वीज मोजलेल्या तारा मी सोलल्या होत्या, उष्णता मोजलेल्या सालीसकट राहिल्या. सालीतून उष्णता फारशी जातच नाही, आणि मी ती सालही तारेच्या जाडीत धरली. बारीक तारेत तर निम्मी सालच. म्हणजे तार बारीक केल्याने उष्णता अडत नव्हतीच, सालीमुळे तसं दिसत होतं. काजूगर सोलत वाढलेली मी, आणि माझ्या हे चार वर्षं लक्षात आलं नाही.

ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांना सांगितलं. छापलेला लेख आता मागे घ्यायचा. ते रागावले नाहीत.

बाबांचो खोकलो कमी आसा काय? फोंड्याच्या बाजारात ते अजून सगळ्यांना माझं सांगत असतील. त्यांना इतक्यात काही बोलू नकोस.

चुलीमागे पट्टीसाठी तू खिळा ठोकून ठेवलायस ना? त्याला चाळण अडकव.

तुझीच,
अक्षया