पारडं सारखं करताना

प्रिय अप्पा,

आज लिहायला बसले, कारण नळीत हिरवे पट्टे दिसले. दोन, वेगवेगळे, मध्ये स्वच्छ जागा. वरचा फुटलेल्या हरितलवकांचा, खालचा धडधाकट राहिलेल्यांचा. तुम्ही असतात तर पहिला फोन तुम्हालाच केला असता. तुम्ही म्हणाला असतात, "बरं झालं. जेवलीस का?"

तुम्हाला एकदा समजावलं होतं. सोयाबीनची पानं वाटायची, गाळायची, नळीत खाली घट्ट आणि वर पातळ असं साखरेचं पाणी थरावर थर ओतायचं, त्यावर तो हिरवा रस सोडायचा आणि यंत्रात गरागरा फिरवायचं. मग जो तो आपल्या जडपणाप्रमाणे आपापल्या थराशी थांबतो. सगळं ऐकून घेऊन तुम्ही विचारलंत, "साखर तिथं इकत घेऊन राहिलीस का? आपल्या दुकानातून न्यायची की." आमची साखर वेगळी असते, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही.

पण अप्पा, खरी भानगड तुमच्या दुकानानंच केली. यंत्रात समोरासमोरच्या दोन नळ्या अगदी सारख्या वजनाच्या लागतात. आणि मी तर अहमदपूरला तुमच्या शेजारी उभी राहून तोलायला शिकलेली. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकल्याशिवाय तुम्ही पुडी बांधू देत नव्हतात. नांदेडच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवरही माझा हात तसाच थांबायचा, एक पारडं जरासं खाली गेल्यावर. त्यात काही चुकतंय असं मला वाटायचंच नाही.

यंत्र खडखडायचं आणि आपोआप बंद पडायचं. थर एकमेकांत मिसळायचे, आठवड्याची मेहनत वाया. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "एक नळी जड आहे. पुन्हा असं झालं तर यंत्राला हात लावायचा नाही." म्हणजे माझी पीएचडी तिथंच संपली असती.

त्या संध्याकाळी नेमका तुमचा फोन आला. सगळं सांगून झाल्यावर मी काय बोलले ते शब्दन्‌शब्द आठवतंय. "तुमच्या दुकानानं माझा हात बिघडवला. जास्त द्यायची सवय लावलीत, दुसरं शिकवलंत काय?" तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवतो." रागावला का नाहीत? रागावला असतात तर लगेच माफी मागून मोकळी झाले असते.

पंधरा दिवसांनी तुम्ही एसटीनं आलात, कपाळावर विभूती, पिशवीत आईनं दिलेले धपाटे. मॅडमना विचारून मी तुम्हाला तराजूपाशी नेलं. तुम्ही म्हणालात, "आधी काटा हलायचा थांबू दे, माय. मग थेंब टाक. अन् पारड्याकडं बघू नको, काट्याकडं बघ." मग यंत्राकडे पाहून हसलात. "हे काय गिऱ्हाईक न्हाई. याला जास्त दिलं तर चिडतंय."

दुकानदारच तुम्ही, तराजूचं सगळं येतच असणार, असं मी धरून चालले. त्यानंतर यंत्र एकदाही खडखडलं नाही. पट्टे नीट यायला मात्र आणखी कितीतरी महिने लागले. माफी रोज उद्यावर ढकलत राहिले, आणि दिवाळीनंतर तुम्हीच गेलात.

गेल्या रविवारी घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं, तुम्हाला काय बोलले तेही. ती म्हणाली, "लागलं असंल त्यांला. मला बोलले न्हाईत. पण त्या दिवसांत दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोन वाट्यांत पाणी घेऊन तराजूपुढं बसायचे. काटा मधोमध आल्याबिगर उठायचे न्हाईत. काय करून राहिलात म्हणून विचारलं, तर म्हणले, मलाच येईना, पोरीला कसं सांगू?"

अप्पा, जन्मभर तराजू धरलेला माणूस त्या वयात सारखं तोलायला शिकत बसला! हे मला का नाही सांगितलंत? मी आणखी चिडेन असं वाटलं का? चुकलं माझं. तुमच्यासमोर बसून म्हणायचं होतं, ते आता इथं लिहिते आहे.

तरी आज मी खूश आहे, खरंच. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारपासून दोन नव्या मुली आमच्याकडे येताहेत. त्यांना तोलायला मीच शिकवणार, तुम्ही सांगितलंत तसंच, आणि कुणी शिकवलं तेही सांगणार. आणि एक शब्द देते. एखादीला जमेना, तर तिला बोलण्याआधी मी स्वतः तिच्या जागी बसेन आणि तिचा हात कुठं अडतोय ते कळेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
शिवलीला