नवव्या मजल्यावरून शिरगणती

३ जानेवारी, सकाळी

पेन कानावर आहे रे, खिशात काय चाचपतोस? आणि कालची पानं कुठे ठेवलीस तेही आठवत नाही म्हणतोस. म्हणून डायरी आजपासून नव्याने. ती फक्त मीच वाचायची, आणि मला अक्षर वाचता येत नाही. म्हणजे गुप्तता पक्की. लिहिणारा आमचा लिफ्टमन, मी त्याला वरखाली म्हणते. त्याच्या स्टुलाशेजारी खुर्ची टाकून मी सांगते. बेल वाजली की तो

५ जानेवारी

सेक्रेटरीचा फोन. समुद्रासमोरच्या आपल्या गल्लीत माणसं घटलीत म्हणे. बिल्डिंगचे छत्तीस फ्लॅट, त्यांतले अठरा तरी भरलेले नसले तर महिनाअखेर लिफ्टमन बंद. मग मी घरी कशी जाणार? मला आकडे ओळखता येत नाहीत. तो म्हणाला, सोपं असतं. स्वतः इथे राहतच नाही, त्याला काय जातंय! संकल्प: मोजणी मीच करणार. तोंडी हिशोबात मला कुणी हरवलेलं नाही. वरखालीला सांगितलं, तुझी नोकरी मी वाचवली असं समज. तेवढ्यात परत बे

९ जानेवारी, संध्याकाळी

समोरच्या बाकावर बसून मोजले. सातच्या ठोक्याला एकतीस घरांत दिवे लागले, एकाच क्षणी. काय हा एकोपा! वरखाली म्हणाला, आजी, ते दिवे घड्याळावर आपोआप लागतात, चोरांसाठी. म्हटलं, चोरांना उजेड कशाला, पेपर वाचायला? नोंद: एकतीस.

१४ जानेवारी

पाहणीवाली मुलगी आली होती. पाच वर्षांत माणसं निम्मी, माणशी उत्पन्न दुप्पट, म्हणाली. माझंही? सरासरीने हो, म्हणाली. मला मेलं कुणी कळवलंसुद्धा नाही! वरखालीला मात्र धरत नाहीत, तो इथला रहिवासी नाही म्हणून. दिवसाचे बारा तास इथे असतो, आणखी काय राहायचं असतं? मी धरला. बत्तीस.

इस्त्रीवाल्यालाही विचारलं. पूर्वी रोज शंभर शर्ट यायचे, आता सहा. म्हणजे बघा किती कपडे झालेत एकेकाकडे. चुरगळायची पाळीच येत नाही.

२२ जानेवारी

आज तीन पानं सांगितली, बेल एकदाही नाही. माझं सांगणं सुधारलंय, लोक मध्ये खोळंबा करत नाहीत. वरखाली काहीतरी बोलणार होता. म्हटलं, तू लिही.

३० जानेवारी

सेक्रेटरीला आकडा ऐकवला. तो म्हणाला, पाणी सातच घरं वापरतात. म्हटलं, श्रीमंत माणसं बाटलीतलं पितात. आणि आंघोळ, विचारलं त्याने. तेवढ्यात फोन कट झाला, माझ्याच हातून. आपण जिंकलो, असं वरखालीला सांगितलं. तो म्हणाला, आजी, परवापासून मी एका हॉस्पिटलच्या लिफ्टवर. म्हटलं, वही घेऊन जा. निवांत लिहिता येईल.

३ फेब्रुवारी, फोनवरून

तुझा फोटो दाबला, लागला बरोबर. तुझ्याकडे बेल फार वाजते रे. ये जाऊन, मी थांबते.

आलास? लिही. काल संध्याकाळी लिफ्टने एकटी आले. तळाचं बटण सोडून वर नऊ मोजले. गाड्यांची तळघरं दोन आहेत, हे कोण सांगणार? उतरले सातव्यावर. चारही दारांना अंधार. सात वाजले आणि चारही दारांखाली उजेड आला. म्हटलं, आले सगळे! चारही बेला वाजवल्या. मग पुन्हा वाजवल्या. आत साधी चप्पल घासल्याचा आवाज नाही. दोन मजले जिना चढून घरी आले. गुडघा सुजून नारळाएवढा झालाय, खाली दुकानात जाणं आता विसरायचं.

ते बत्तीस खोडून लिही. नोंद: एक.

आणि तुझी ड्यूटी सुटली की कुणाच्या तरी हाती मऊ ब्रेड पाठव, आणि केळी. डझनभर नकोत. दोनच.